सोलापूरहून सेंटोसा बेट आणि तिथले महाकाय मत्स्यालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर जाऊन आलो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. त्याआधी २०१८ मध्ये मी आणि नवरा टूरबरोबर एकदा गेलो होतो. परतल्यापासून भिशीत, शाळेच्या फाटकाशी, नवी पेठेत खरेदीला गेलं तरी तेच तेच प्रश्न विचारले जातात. फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं. ज्यांचा पासपोर्ट अजून निघायचा आहे त्यांच्यासाठीही हे आहे.

सेंटोसा म्हणजे सिंगापूरच ना? की वेगळा देश आहे?

देश सिंगापूरच. सेंटोसा हे मुख्य शहराच्या दक्षिणेला चिकटून असलेलं छोटं बेट, साधारण पाच चौरस किलोमीटरचं. मलय भाषेत ‘सेंटोसा’ म्हणजे शांती, समाधान, आणि हा शब्द आपल्या संस्कृतातल्या ‘संतोष’वरूनच तिकडे गेलेला आहे. पूर्वी या बेटाचं नाव ‘पुलाऊ ब्लाकांग माती’ होतं. त्या नावात ‘माती’ म्हणजे मृत्यू. १९७२ मध्ये नाव बदललं आणि बेट पर्यटनासाठी घडवायला घेतलं. २०१० मध्ये तिथे रिसॉर्ट्स वर्ल्ड सेंटोसा हा मोठा रिसॉर्ट सुरू झाला. हॉटेलं, युनिव्हर्सल स्टुडिओज, वॉटरपार्क आणि आपलं मत्स्यालय हे सगळं त्याच आवारात आहे.

मत्स्यालयाचं नाव नक्की काय? कुणी सी अक्वेरियम म्हणतं, कुणी ओशनेरियम.

दोन्ही बरोबर. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते एस.ई.ए. अक्वेरियम या नावाने उघडलं. एप्रिल २०२५ अखेर ते बंद झालं आणि जुलै २०२५ मध्ये ‘सिंगापूर ओशनेरियम’ म्हणून पुन्हा उघडलं. आता जागा आधीच्या तिप्पट आहे आणि बावीस वेगवेगळे विभाग आहेत. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ पाहून आराखडा ठरवू नका, आतली वाट पूर्ण बदलली आहे. मी स्वतः २०१८ च्या आठवणीवर चालले आणि दहाव्या मिनिटाला चुकले.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलंय. यात वेगळं काय?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण मीही चौथीच्या सहलीत तारापोरवालाच पाहिलं होतं. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलेलं ते मत्स्यालय आपल्या किती पिढ्यांनी पाहिलं आहे. पण तिथे आपण टाक्यांसमोरून रांगेने जायचो. एक टाकी, एक पाटी, पुढे चला. २०१५ मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा तिथे बारा फुटांचा बोगदा केला होता आणि त्याचंही केवढं कौतुक झालं होतं.

सेंटोसाच्या मुख्य टाकीला ‘ओपन ओशन’ म्हणतात. तिची दर्शनी भिंत ३६ मीटर लांब आणि ८.३ मीटर उंच आहे. आपली सोलापुरी चादर साधारण सव्वादोन मीटर लांब असते. अशा सोळा चादरी टोकाला टोक लावून अंथरल्या की झाली त्या भिंतीची लांबी. उंची अडीच मजली घराएवढी. आत १ कोटी ८० लाख लिटर पाणी. उन्हाळ्यात गल्लीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे अठराशे टँकर. अंधाऱ्या दालनातून आपण आत शिरतो आणि समोर हा निळा उजेड. सासूबाई दारातच थांबल्या. मागून लोक येत होते, आम्ही त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं, तरी त्यांची मान खाली येईना.

एवढी मोठी काच फुटत कशी नाही?

कारण ती काच नाहीच. ते अ‍ॅक्रिलिक आहे, प्लास्टिकच्या कुळातलं, आणि सत्तर सेंटीमीटर जाड. दोन फुटांहून जास्त! तळाशी दर चौरस मीटरवर आठ टनांहून अधिक भार असतो. साधी काच एवढी जाड केली तर हिरवट दिसू लागते, वजन भयंकर वाढतं आणि ती मुळात ठिसूळ. अ‍ॅक्रिलिक जाड असूनही स्वच्छ दिसतं, थोडं लवतं आणि त्याचे तुकडे जागेवर नेऊन एकजीव जोडता येतात. जोड शोधायला गेलात तरी सहज सापडणार नाही, आम्ही लेकीबरोबर तो खेळ खेळलो.

एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. सपाट भिंतीतून पाण्यातला मासा खऱ्यापेक्षा जवळ भासतो, साधारण पाऊण अंतरावर. त्यामुळे तो मोठाही वाटतो. मासा अगदी भिंतीशी आला की बोटाने लांबी मापायची आणि दूर गेला की पुन्हा अंदाज करायचा. आठवी-नववीतल्या मुलांना प्रकाशाचं अपवर्तन तिथे उभ्या उभ्या समजतं.

बघायला किती वेळ लागतो?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

२०१८ मध्ये टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत मत्स्यालय ‘दुपारी’ एवढंच लिहिलं होतं. प्रत्यक्षात आम्हाला पंचावन्न मिनिटं मिळाली. झेंडा घेतलेल्या मार्गदर्शकामागे आम्ही अडतीस जण अक्षरशः पळालो. मोठ्या टाकीसमोर पोहोचलो तेव्हा दहा मिनिटं उरली होती, त्यातली सात ग्रुप फोटोत गेली. संध्याकाळी हॉटेलवर मोबाइल उघडला तर चाळीस फोटो, आणि मासा मात्र एकही नीट आठवेना. पैसे भरून, पासपोर्ट काढून, समुद्र ओलांडून गेलो आणि पाहिलं काहीच नाही, याचं मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

म्हणून माझं ठाम मत: मत्स्यालयाला किमान चार तास द्या, आणि त्यातला एक अख्खा तास मोठ्या टाकीसमोर बसण्यासाठी राखून ठेवा. नुसतं बसायचं. पहिली दहा मिनिटं सगळं एकत्र अंगावर येतं, डोळा कुठेच ठरत नाही. वीस मिनिटांनी एकेक प्राणी वेगळा दिसू लागतो. अमुक शार्क दर फेरीत त्याच खडकापाशी वळतो, तमक्या माशाचा शेपटीचा पर थोडा फाटलेला आहे, चंदेरी माशांचा थवा वळतो तेव्हा आधी कडेचा एक वळतो. मग मुलं आपोआप नावं ठेवायला लागतात.

सासूबाईंची उभी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. सासऱ्यांचे चार माग घरातच होते. मांटा रे नावाचा पाकटाच्या जातीचा प्रचंड मोठा मासा डावीकडून उजवीकडे संथ गेला, वळला, परत आला, पुन्हा गेला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “धोटा बघ कसा फिरतोय. आवाज तेवढा नाही.” तेव्हापासून मांटा आठवला की मला मागावर इकडून तिकडे धावणारा धोटाच दिसतो.

कोणकोणते मासे दिसतात? आपल्याला ओळखू येतील असे आहेत का?

उजनीची चिलापी, मरळ, वाम एवढ्यावर आपली ओळख थांबते, त्यामुळे सुरुवातीला सगळंच अनोळखी वाटेल. तरी काही पाहुणे लगेच ओळखीचे होतात. केशरी-पांढरा क्लाउनफिश मुलं दारातूनच ओळखतात. तो सी अ‍ॅनिमोनच्या (समुद्रातला फुलासारखा दिसणारा प्राणी) डंख मारणाऱ्या बोटांमध्ये राहतो आणि त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला डंख लागत नाही. मोरे ईल म्हणजे आपल्या वामचा समुद्रातला दूरचा भाऊबंद शोभेल असा. तो सतत तोंड उघडतो-मिटतो. पोरं घाबरतात, पण तो चावायला येत नसतो, श्वास घेत असतो.

मांटाच्या पोटावरचे काळे ठिपके नीट पाहा. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी, आणि संशोधक त्यावरूनच त्यांना ओळखतात. एवढं मोठं धूड, पण खातं काय तर पाण्यात तरंगणारे बारीक जीव. आणि ते थांबू शकत नाही, कारण पाणी कल्ल्यांतून वाहतं ठेवायला त्याला पोहतच राहावं लागतं.

जेलीफिशच्या दालनात गर्दी असली तरी रांगेला कंटाळू नका. जेलीफिशला मेंदू नाही, हृदय नाही, हाडं नाहीत. त्यांची टाकी गोलसर असते आणि पाणी हळू चक्राकार फिरवलेलं असतं, कारण कोपरा असला तर त्या तिथे अडकून फाटतात.

शार्क बाकीच्या माशांना खात नाहीत का?

पोट भरलेलं असलं की सहसा नाही. मोठ्या मत्स्यालयांत प्रत्येक जातीच्या खाण्याची वेळ, जागा आणि माप ठरलेलं असतं. पाणबुडे खाली उतरून भरवतात तेही पाहायला मिळतं. पण कधीच घडत नाही असं म्हणता येणार नाही, समुद्रातले प्राणी आहेत ते.

टाकीतलं पाणी रोज बदलतात का?

एक कोटी ऐंशी लाख लिटर रोज कोण बदलणार! पाणी गाळून, फिरवून पुन्हा वापरतात. आधी वाळूच्या गाळण्या. मग हवेचे बारीक बुडबुडे सोडून फेस काढतात, त्या फेसाबरोबर विरघळलेली घाण वर येते. पुढे ओझोन किंवा अतिनील किरणांनी जंतू मारतात. आणि सगळ्यात मोलाचं काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, जे बरंच कमी घातक असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते प्रमाणही सतत राखावं लागतं.

प्राण्यांना असं कोंडून ठेवणं बरोबर आहे का? आणि डॉल्फिन पाहायला जावं का?

हा प्रश्न माझ्या लेकीनेच तिथे विचारला आणि मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. आता विचार करून लिहिते.

या रिसॉर्टने सुरुवातीला व्हेल शार्क आणायचं ठरवलं होतं. जगातला सगळ्यात मोठा मासा तो. प्राणिप्रेमी संस्थांनी जोरदार विरोध केला आणि २००९ मध्ये तो बेत रद्द झाला. योग्यच झालं. डॉल्फिन मात्र आले, सॉलोमन बेटांच्या समुद्रातून पकडलेले, आणि त्यावर तिथे बरीच वर्षं वाद झाला. डॉल्फिन कळपाने राहणारा, रोज मैलोन्मैल पोहणारा, आवाजावर जगणारा सस्तन प्राणी आहे. त्याला तलावात ठेवून हात लावू देण्याच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो नाही. तुम्हीही जाऊ नये असं मला वाटतं. ज्यांना डॉल्फिन पाहायचेच आहेत त्यांनी हिवाळ्यात तारकर्ली-देवबागला जावं. मोकळ्या समुद्रात नशिबाने दिसतात, आणि दिसले की होणारा आनंद वेगळाच असतो.

माशांच्या मत्स्यालयाबद्दल माझं मत थोडं निराळं आहे. चांगल्या मत्स्यालयांतून खरं कामही होतं. इंडोनेशियाच्या राजा अम्पाट भागातून झेब्रा शार्क जवळपास संपले होते. वेगवेगळ्या देशांतल्या मत्स्यालयांत या शार्कनी घातलेली अंडी तिकडे नेऊन, पिल्लं वाढवून समुद्रात सोडायचा प्रकल्प सुरू आहे. पहिली पिल्लं जानेवारी २०२३ मध्ये सोडली गेली. ओपन ओशनच्या टाकीत झेब्रा शार्क दिसला की मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. अंगावर ठिपके असूनही नाव झेब्रा का? पिल्लू असताना पट्टे असतात, म्हणून.

सोलापूरहून जायचं कसं?

दोन वाटा आहेत. मुंबईहून जायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस किंवा सकाळची वंदे भारत, आणि पुढे विमान. मुंबई ते सिंगापूर साधारण साडेपाच तास. आम्ही हैदराबादची वाट धरली आणि मी तीच सुचवेन. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद असा सरळ महामार्ग, जेमतेम तीनशे किलोमीटर. पाटणचेरूपाशी बाहेरच्या रिंग रोडला लागलं की शहरात न शिरता थेट शमशाबाद विमानतळ. दुपारी चारला सोलापूर सोडलं, वाटेत चहा-नाश्ता करून रात्री साडेदहाला विमानतळावर होतो. तिथून विमानही जवळपास तासाभराने कमी वेळ घेतं.

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून आता प्रवासी विमानं उडू लागली आहेत, पण पुढचं आंतरराष्ट्रीय विमान धरायचं असेल तर मध्ये एका रात्रीचा अवकाश ठेवा. एक उशीर झाला की सगळी साखळी तुटते.

घड्याळ तिथे उतरल्यावर अडीच तास पुढे करायचं.

व्हिसा लागतो का? किती दिवस आधी करावा?

भारतीय पासपोर्टला लागतो. अर्ज अधिकृत एजंटामार्फत होतो, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचे पैसे वेगळे. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरं, स्टुडिओत माप सांगून काढा. महिनाभर आधी सुरुवात केली की धावपळ होत नाही.

पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरायचं असतं. ते पूर्णपणे मोफत आहे. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या काही संकेतस्थळांवर त्याचे पैसे मागतात, आमच्या ओळखीतल्या एका काकांचे असे साडेचार हजार गेले. पैसे मागितले की बंद करा.

सामानात काय नेऊ नये?

हे नीट वाचा, कारण हे आपल्या भागाला विशेष लागू आहे.

मिश्री, तंबाखू, मावा, गुटखा, जर्दा: चघळायचा किंवा हिरड्यांना लावायचा कुठलाही तंबाखू सिंगापुरात न्यायला बंदी आहे. आपल्याकडच्या पुष्कळ ज्येष्ठ बायकांच्या बटव्यात मिश्रीची डबी असते आणि ती त्यांना ‘तंबाखू’ वाटतच नाही. सासूबाईंचीही होती. निघायच्या आदल्या रात्री पिशवी भरताना माझ्या हाताला लागली. मी समजावलं, त्या रुसल्या, मग डबी देवघरामागे ठेवून आल्या. ही झडती घरीच घ्या, विमानतळावर नको. ई-सिगारेटवरही कडक बंदी आहे आणि साध्या सिगारेटचं एक पाकीट नेलं तरी त्यावर कर भरावा लागतो.

खसखस नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. खसखस लावलेले अनारसे, खसखस घातलेला घरचा मसाला, दोन्ही घरीच राहू दे. दिवाळीत जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

च्युइंगम नको. विक्रीसाठी ते आणायला तिथे १९९२ पासून बंदी आहे. मांस-मच्छीचे घरगुती पदार्थही नकोत. शेंगा चटणी आणि कडक भाकरी आम्ही भरपूर नेली होती, कुणी हरकत घेतली नाही.

कधी गेलेलं बरं?

सिंगापूर विषुववृत्तापासून फक्त १३७ किलोमीटर उत्तरेला आहे. तिथे आपल्यासारखे ऋतू नाहीत. बारा महिने २५ ते ३३ अंश, बारा महिने पाऊस, आणि सूर्य रोज सातच्या सुमारास उगवतो व सातच्या सुमारास मावळतो. आपण ४३ अंश सोसणारी माणसं, ३२ अंशांचं काय कौतुक असं वाटेल. पण आपलं ऊन कोरडं. तिथे हवेत इतकी ओल असते की घाम वाळतच नाही, दहा मिनिटांत सदरा अंगाला चिकटतो. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त. आम्हाला ऑक्टोबरच्या शेवटी रोज दुपारी तीन-चारला गडगडाटी सर मिळाली, तासाभरात आकाश मोकळं. म्हणून सकाळी समुद्रकिनारा आणि दुपारी मत्स्यालय असा क्रम लावा. विजा होऊ लागल्या की किनाऱ्यावरून लोकांना हटवतात.

राहायचं कुठे? बेटावरच की शहरात?

बेटावरची हॉटेलं सुंदर आहेत आणि खिशाला जड आहेत. आम्ही लिटल इंडियात राहिलो. तिथून जांभळ्या रंगाची मेट्रो थेट हार्बरफ्रंटला येते, पाचवं स्टेशन, गाडी बदलायची गरज नाही. वर व्हिवोसिटी मॉलमधून सेंटोसाची मोनोरेल सुटते, माणशी ४ डॉलर. बेटावर पुढे मोनोरेल, बस, किनाऱ्यावरची गाडी सगळं मोफत. चालायची हौस असेल तर पुलावरच्या बोर्डवॉकने पायी जा, दहा-पंधरा मिनिटं, पैसे लागत नाहीत. मत्स्यालयासाठी मोनोरेलच्या ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड’ स्टेशनवर उतरायचं.

मेट्रोत खाणं-पिणं चालत नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. लेकीची बाटली दोनदा बॅगेत परत ठेवायला लावली आम्ही.

शाकाहारी जेवण मिळतं का?

लिटल इंडियात असाल तर काळजीच नको. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून चालू आहे. केळीच्या पानावर भात-सांबार, मोठे डोसे. तमिळ ही तिथली एक राजभाषा असल्याने पाट्याही तमिळमध्ये दिसतात. आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू-कानडी कानावर पडते, तसं घरगुती वाटलं. बेटावर मात्र पर्याय कमी आणि महाग. सकाळी भरपेट खाऊन निघा.

पोहता येत नाही. वॉटरपार्कला जाऊन उपयोग आहे का?

आहे. शेजारच्या अ‍ॅडव्हेंचर कोव्हमध्ये ‘रेनबो रीफ’ नावाचा तलाव आहे, त्यात जॅकेट घालून, तोंडावर मास्क लावून हजारो माशांवरून तरंगत जाता येतं. मला पोहता येत नाही तरी मी गेले. पहिला श्वास नळीतून घेताना छाती धडधडली, मग खाली पिवळे मासे दिसले आणि विसरले सगळं. सुती कपडे, साडी, पंजाबी ड्रेस पाण्यात चालत नाही, पोहण्याचा पोशाख इथूनच घेऊन जा. टॉवेल मात्र आपला सोलापुरीच न्या. तिथल्या भाड्याच्या टॉवेलपेक्षा दसपट पाणी पितो आणि एका रात्रीत वाळतो.

बेटाचा समुद्र मालदीवसारखा निळा आहे का?

नाही. स्पष्टच सांगते. सिलोसो, पलावन, तांजोंग हे किनारे छान राखलेले आहेत, माड आहेत, लाटा शांत आहेत. पण वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे, पाणी हिरवट आहे आणि समोर क्षितिजावर मालवाहू जहाजांची रांग उभी असते. मुलांना जहाजं मोजायला मजा येते. निळाशार समुद्र आणि पाण्याखालचं जिवंत प्रवाळ हवं असेल तर लक्षद्वीप किंवा मालवण गाठावं.

आजी-आजोबांना झेपेल का?

झेपतं. लिफ्ट, रॅम्प, व्हीलचेअर सगळीकडे. मत्स्यालयात एसी जोरात असतो, शाल हवीच. दालनं अंधारी आहेत, बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर दोन मिनिटं थांबून डोळे सरावू द्या, मगच पुढे चाला. मोतीबिंदू झालेल्यांचा हात धरा. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत जवळ ठेवा आणि प्रवास विमा काढा.

फोटो चांगले येत नाहीत, काय करावं?

फ्लॅश बंद. तो समोरच्या भिंतीवरून परत येतो, आणि प्राण्यांनाही त्रास होतो. मोबाइल भिंतीला जवळजवळ टेकवून, सरळ धरून काढा. आपल्या माणसांचे फोटो पाठमोरे काढा, निळ्या उजेडापुढे काळी आकृती. सासूबाईंचा पदर आणि वर मांटा, हा एकच फोटो आम्ही मोठा करून बैठकीत लावला आहे.

टूरने जावं की आपलं आपण?

इंग्रजी अगदीच येत नसेल, पहिलाच विमानप्रवास असेल तर टूर बरी. पण बुकिंगआधी एक गोष्ट लेखी घ्या: मत्स्यालयात किती तास. ‘पुरेसा वेळ’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. तिकिटं तारीख ठरवून आधीच ऑनलाइन घ्यावीत, सुट्ट्यांत गर्दी असते, शनिवार-रविवार टाळा. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. पावती जपा, विवरणपत्र भरताना तो वळता होतो.

बेटावर आणखी काय बघण्यासारखं?

युनिव्हर्सल स्टुडिओजला पूर्ण वेगळा दिवस लागतो. पण मी आग्रहाने सांगेन तो फोर्ट सिलोसो. ब्रिटिशांनी बंदराच्या राखणीसाठी बांधलेला किल्ला, प्रवेश मोफत. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि हजारो भारतीय सैनिक युद्धकैदी झाले. त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली, आणि जुलै १९४३ मध्ये नेताजींनी याच शहरात तिचं नेतृत्व स्वीकारलं. १९३० मध्ये मार्शल लॉ सोसलेल्या, चार हुतात्म्यांच्या गावाहून आलेल्या माणसाने तिथे जाऊनच यावं.

मुलं परतल्यावर घरात समुद्री माशांची टाकी हवी म्हणून हट्ट करतात. लावावी का?

आमच्याकडेही आठ दिवस हेच चाललं. खाऱ्या पाण्याची टाकी लावू नका. मापून क्षार घालायचे, पाणी थंड ठेवायचं, वीज गेली की पंप बंद, आणि आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. त्यात बाजारात मिळणारे कितीतरी समुद्री मासे थेट प्रवाळातून पकडून आणलेले असतात.

आम्ही दोन फुटांची गोड्या पाण्याची टाकी आणली. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं म्हणजे क्लोरीन निघून जातो. मग टाकी भरून, पंप चालू करून, आधी दोन-तीनच मासे सोडायचे, अगदी थोडं खाणं घालायचं आणि महिनाभर थांबायचं. तेवढ्यात अमोनिया पचवणारे जिवाणू गाळणीत वस्तीला येतात. मोठ्या टाकीत जे अठराशे टँकर पाण्यात चालतं, तेच इथे चार बादल्यांत. घाईने पंधरा मासे एकदम सोडले की आठवड्यात तरंगतात, आणि लोक दुकानदाराला बोल लावतात. आमच्या टाकीत सध्या सहा गप्पी आणि एक गोगलगाय आहे. लेक शाळेतून आली की दप्तर न काढता तिच्यासमोर बसते, आणि शेजारी सासूबाई.